डीलरकडून घेतलेली जुनी गाडी आरटीओ पासिंगला नापास झाली, तर परत करता येते का?

गोदाकाठ (प्रश्न)

नाशिकमधल्या एका डीलरकडून २०१० ची पेट्रोल हॅचबॅक घेतली. बीएस-३, एमएच नोंदणी, किंमत २ लाख १५ हजार. ट्रान्सफरचं काम डीलरच्याच एजंटने केलं आणि आरसी माझ्या नावावर आली आहे. पंधरा वर्षांची मुदत संपत आल्याने फॉर्म २५ भरून गाडी नूतनीकरणाच्या पासिंगला नेली, तिथे मोटार वाहन निरीक्षकांनी नापास केली. कारणं अशी:

चेसिस नंबर गंजामुळे वाचता येत नाही, पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसा) निघाली नाही. डाव्या दारांखालचा सिलचा पत्रा आणि मागचा फ्लोअर सडलेला. हँडब्रेक धरत नाही. उजवा हेडलाइट मंद. मागचे दोन्ही टायर झिजलेले.

गॅरेजवाल्याने पत्र्याचे ३८ हजार आणि बाकी कामाचे १४ हजार सांगितले. चेसिस नंबरचं आपल्या हातात नाही म्हणाला. डीलरच्या जाहिरातीत "बॉडी उत्तम, रिपासिंगला अडचण नाही" असं होतं, आणि व्हॉट्सॲपवरही त्याने तेच लिहून दिलं आहे. आता तो म्हणतो, तुम्ही गाडी बघून, चालवून घेतलीत, डिलिव्हरी नोटवर "जशी आहे तशी" या ओळीखाली तुमची सही आहे. दहा हजार देतो, विषय संपवा.

गाडी परत देऊन पूर्ण पैसे मागता येतात का? की दुरुस्तीचाच खर्च मिळतो? आणि तोवर गाडी वापरली तर चालेल का?

---

पाना_चौदा

कायद्याचं जाणकार सांगतील. त्याआधी एक गोष्ट: गाडीला हात लावू नका. हँडब्रेकसुद्धा दुरुस्त करून घेऊ नका. नापास झाली त्या अवस्थेतली गाडी हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

नापासाची पाच कारणं एका वजनाची नाहीत, ती वेगळी करून घ्या.

टायर, हेडलाइट, हँडब्रेक ही झीज. कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, ती कोणालाही उभ्या उभ्या दिसते. हँडब्रेक बहुतेक वेळा केबल ताणल्यामुळे किंवा मागच्या ड्रममधले शू संपल्यामुळे सुटतो. हेडलाइट मंद म्हणजे आतला रिफ्लेक्टर काळवंडला किंवा अर्थिंग गंजलं. पंधरा वर्षांच्या गाडीत हे निघणारच. डीलरशी भांडताना यावर जोर दिलात तर तो "जुन्या गाडीला नव्यासारखं मागतायत" म्हणून सगळी तक्रार हलकी करून टाकेल.

खरा मुद्दा सिल आणि फ्लोअरचा. हॅचबॅकला वेगळी चेसिस नसते, सगळी बॉडीच सांगाडा असते. सिल म्हणजे दारांखालून जाणारी पोकळ पेटी. मधल्या खांबाचा पाय तिच्यावर उभा असतो आणि सीटबेल्टचा खालचा नट त्याच खांबाच्या बुडाशी असतो. जॅक लावायची जागाही तिथेच. हा पत्रा सडला की धडक झाल्यावर बेल्ट धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून निरीक्षक हे सोडत नाहीत. गंज आतून बाहेर येतो: दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलाने बुजतात, पाणी साचतं, पत्रा आतून कुजतो आणि वरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसतो.

आता हे तपासा. गाडी लिफ्टवर चढवा आणि बुडाचे फोटो काढा. बुडाला नुकतं काळं अंडरबॉडी कोटिंग मारलं आहे का, ते नीट बघा. जुनं कोटिंग कडक, धुळकट आणि तडे गेलेलं असतं. ताजं चकाकतं, नखाने ओरखडा उठतो, आणि घाईत मारलेलं असेल तर सायलेन्सरच्या पाइपवर, रबरी बुशवर, नट-बोल्टवरही उडालेलं दिसतं. त्या कोटिंगखाली गंजाच्या पापुद्र्या किंवा फायबरची पट्टी सापडली, तर पत्रा सडल्याचं कोणाला तरी ठाऊक होतं आणि त्याने ते झाकलं, इतकं सिद्ध होतं. सिलवर चुंबक फिरवा. पुट्टी असेल तिथे तो धरत नाही. कोटिंग खरवडायचं असेल तर खरवडण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो हवेत, शेजारी मोजपट्टी ठेवून.

गॅरेजवाल्याकडून एका कागदावर लिहून घ्या: कुठला पत्रा, किती लांबीचा, कशामुळे गेला, आणि अशी अवस्था यायला साधारण किती काळ लागतो. हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. इतका पत्रा महिन्या-दोन महिन्यांत सडत नाही. म्हणजे विक्रीच्या दिवशी तो सडलेलाच होता. कागदावर गॅरेजचा शिक्का, सही, तारीख आणि गाडीचं किलोमीटर रीडिंग हवं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचा असेल तर उत्तम. तपासणीचे पैसे घेतील, ती पावतीही जपून ठेवा.

चेसिस नंबर: काही मॉडेलमध्ये तो इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली फ्लोअरवर. दोन्ही जागी काचेखालून किंवा दारातून झिरपलेलं पाणी पोचतं, त्यामुळे नुसत्या गंजानेही नंबर जाऊ शकतो. पण भिंगातून बघा. गंजाने गेलेल्या पत्र्याला खड्डे असतात, कडा वेड्यावाकड्या असतात. एका दिशेच्या सरळ रेघा, घासल्याच्या खुणा किंवा नंबराभोवती वेल्डिंग दिसलं, तर हा गंजाचा मामला नाही. मग गाडी चोरीची आहे का हा प्रश्न येतो आणि पोलिसांकडे जावंच लागतं. काहीही झालं तरी नंबर पॉलिश करून "उठवून" घेऊ नका. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय त्या जागेला हत्यार लावणं तुमच्याच अंगाशी येईल.

---

कलम_आणि_कागद

डीलरकडून घेतलेली जुनी गाडीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येते. कायद्यात नवी-जुनी असा भेद नाही. विकणारा धंदा म्हणून विकतो आहे आणि तुम्ही स्वतःच्या वापरासाठी घेतली आहे, एवढं पुरे. तुमच्या बाजूला तीन गोष्टी आहेत.

पहिली, वस्तू विक्री कायदा, १९३०, कलम १६. त्या प्रकारच्या मालाचाच धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असणं ही न लिहिलेली अट मानली जाते. त्याला एक अपवाद आहे: खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल ही अट लागू नाही. डीलरचं "बघून घेतली" याच अपवादावर उभं आहे. टायरपुरतं ते खरं आहे. कोटिंगखाली झाकलेला पत्रा मात्र गाडीला फेरी मारून बघणाऱ्याला दिसायला हवा होता, असं कोणी म्हणू शकत नाही. पाना_चौदा यांनी सांगितलेले फोटो म्हणूनच निर्णायक आहेत.

दुसरी, "रिपासिंगला अडचण नाही" हे विधान. ते लेखी आहे, नेमकं आहे आणि खोटं ठरलं आहे. ग्राहक कायद्याच्या कलम २(४७) नुसार मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान ही अनुचित व्यापारी प्रथा. शिवाय जाणूनबुजून केलं असेल तर करार कायदा, १८७२, कलम १७ खाली फसवणूक. माहीत नसताना केलं असेल तरी कलम १८ खाली चुकीचं विधान. दोन्हीत करार रद्द करायचा हक्क कलम १९ देतं.

तिसरी, "जशी आहे तशी". वस्तू विक्री कायद्याचं कलम ६२ न लिहिलेल्या अटी कराराने वगळू देतं, त्यामुळे ही ओळ अगदीच निरुपयोगी नाही. पण तिने लेखी दिलेलं खोटं विधान पुसलं जात नाही, आणि दोष लपवून मिळवलेल्या सहीला ग्राहक आयोग महत्त्व देत नाही. एका हाताने "रिपासिंगला अडचण नाही" लिहायचं आणि दुसऱ्या हाताने "जशी आहे तशी" वर सही घ्यायची, हे दोन्ही एकत्र टिकत नाही.

परत करायची की भरपाई घ्यायची, हे आत्ताच ठरवा. वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४२ नुसार माल वाजवी मुदतीपेक्षा जास्त ठेवून घेतला आणि नाकारल्याचं कळवलं नाही, किंवा मालकासारखं त्याच्याशी वागलात, तर तो स्वीकारला असं धरतात. मग परत देण्याचा हक्क जातो आणि कलम ५९ खाली फक्त भरपाई उरते. म्हणून दुरुस्ती नको, नवे सीट कव्हर नकोत, म्युझिक सिस्टीम नको, फेरफटके नकोत. नुसता पत्रा असता तर किंमत कमी करून घ्या असं सांगितलं असतं. पण चेसिस नंबरची अडचण तुमच्या हातात नाही आणि ती सुटेपर्यंत नोंदणीचं नूतनीकरण होणार नाही, म्हणून तुमच्या बाबतीत परत करणं हेच बरोबर. कलम ४३ नुसार नाकारलेला माल तुम्ही स्वतः पोचवायलाही बांधील नाही. नाकारतो असं कळवलं की पुरे.

आता क्रम.

१. नापासाची कारणं लेखी मिळवा. ऑनलाइन अर्जाच्या स्थितीत शेरा दिसत असेल तर त्याची प्रिंट घ्या. नसेल तर आरटीओला अर्ज द्या, आणि टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. निरीक्षकाचं मत दोन्ही पक्षांबाहेरचं आणि सरकारी असतं, म्हणून गॅरेजच्या कागदापेक्षा ते भारी.

२. त्याच अर्जात ट्रान्सफरच्या फाइलची प्रतही मागा. नावावर करायच्या कागदांना चेसिसची पेन्सिल प्रिंट जोडायची पद्धत आहे. आज प्रिंट निघत नाही, तर तेव्हा डीलरच्या एजंटने कुठली जोडली? या एका प्रश्नाचं उत्तर डीलरला द्यावं लागेल.

३. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, ती केव्हाही काढून टाकतील. व्हॉट्सॲपचं संभाषण पूर्ण एक्सपोर्ट करा, सोयीची दोन वाक्यं नव्हे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडायचं असतं. फोन बदलू नका.

४. नोटीस. वकिलाचीच हवी असं नाही. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि तीच ईमेल व व्हॉट्सॲपवरही टाका. मजकूर लांबवू नका:

"आपण अमुक तारखेस मला विकलेले वाहन क्रमांक अमुक, आपण लेखी दिलेल्या 'रिपासिंगला अडचण नाही' या हमीच्या विरुद्ध, अमुक तारखेच्या तपासणीत नापास ठरले आहे. कारणे सोबत जोडली आहेत. त्यांपैकी सिल व फ्लोअरचा सडलेला पत्रा व अवाचनीय चेसिस क्रमांक हे दोष विक्रीच्या वेळी अस्तित्वात होते. मी हे वाहन नाकारत आहे. १५ दिवसांत पूर्ण किंमत व सोबतच्या तक्त्यातील खर्च देऊन वाहन अमुक पत्त्यावरून घेऊन जावे. तोवर ते वापराविना उभे आहे."

तक्त्यात ट्रान्सफरचा खर्च, विम्याचा हप्ता, टोचन करून नेल्याचे पैसे, तपासणीची फी. टायर यात घालू नका.

डीलरने सदोष माल परत घ्यायला नकार दिला, तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं हीसुद्धा कलम २(४७) खाली वेगळी अनुचित प्रथा ठरते. त्यामुळे नोटिशीची तारीख महत्त्वाची.

५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ती आदेश देऊ शकत नाही, पण काही डीलर इथेच तडजोडीला येतात, आणि न आल्यास तुम्ही प्रयत्न केल्याची नोंद राहते.

६. मग जिल्हा ग्राहक आयोग, ग्राहक कायद्याचं कलम ३५. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. मुदत कलम ६९ नुसार दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तक्रार, घटनाक्रम, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि प्रती. वकील सक्तीचा नाही, पण उलटतपासणीची वेळ येईल असं वाटलं तर असलेला बरा.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. निकालाची मुदत कायद्यात तीन महिने, मालाची तांत्रिक तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, त्या तयारीने उतरा. जुन्या गाड्यांच्या तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुधा एकाच कारणाने: दोष विक्रीच्या वेळीच होता हे सांगणारा तज्ज्ञाचा कागद नसतो. कलम ३८ मध्ये आयोगाकडून तपासणी करून घेण्याची सोय आहे, ती मागणी तक्रारीतच लिहा.

दहा हजार "तात्पुरते" म्हणून घेऊ नका. सोबतच्या पावतीवर "तक्रार मिटली" असं छापलेलं असतं.

---

गोदाकाठ

खूप आभार. लिफ्टवर चढवून पाहिली, कोटिंग ताजं आहे, सायलेन्सरवरही उडालं आहे. फोटो काढले.

दोन अडचणी लक्षात आल्या. एक, बिल दिलेलंच नाही. फक्त डिलिव्हरी नोट आहे, आणि पैसे यूपीआयने डीलरच्या स्वतःच्या खात्यात गेले. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही मूळ मालकाची आहे. डीलर आता म्हणतो की मी फक्त मध्ये होतो, विकणारा तो. दुसरं, नोटच्या मागे बारीक अक्षरात "वाद लवादाकडे, न्यायक्षेत्र फक्त मुंबई" असं छापलं आहे.

---

नंबरप्लेट

"मी फक्त मध्ये होतो" ही या धंद्यातली जुनी पळवाट. मूळ मालकाकडून २९-३० वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या, गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरायचं. कागदोपत्री गाडी डीलरच्या हातून गेलीच नाही असं दिसतं.

हे बंद व्हावं म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ५५ए ते ५५एच आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. नोंदणी झालेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, फॉर्म २९बी, पाच वर्षांसाठी. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा. त्या क्षणापासून डीलर त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायदा त्यालाच मालक समजतो. तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे: ताब्यातल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, एनओसी, ट्रान्सफर, यांचे अर्ज डीलर स्वतः करू शकतो. म्हणजे मुदत संपत आलेली गाडी पासिंग करून मगच विकणं त्याला शक्य होतं. त्याने ते केलं नाही आणि वर अडचण नाही असं लिहून दिलं.

आरटीओत विचारा: या डीलरला २९बी आहे का, आणि तुमच्या गाडीसाठी २९सी भरला होता का. भरला असेल तर "मी मध्ये होतो" संपलंच. भरला नसेल तर तो नियम मोडून धंदा करतो आहे, आणि त्याची वेगळी तक्रार आरटीओकडे करता येते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२ए(१) सुद्धा त्याच अर्जात लिहा: बांधणी आणि देखभालीच्या नियमांविरुद्ध असलेलं वाहन विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा वाहनामागे एक लाख दंड किंवा दोन्ही. विक्रीच्या वेळी तो दोष खरेदीदाराला सांगितला होता असं सिद्ध केलं तरच सुटका. दंड सरकारजमा होतो, तुम्हाला त्यातून काही मिळत नाही, त्यामुळे पैशासाठी ग्राहक आयोगच.

वापराबद्दल विचारलं होतं, त्याला उत्तर: मुदत संपल्यावर अजिबात नाही. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर कलम ३९ चा भंग, कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड. दंड परवडेल, विमा परवडणार नाही. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अपघाताच्या आणि २०२१ मध्ये चोरीच्या प्रकरणात मान्य केलं आहे. दोन्हीत तात्पुरती नोंदणी संपलेली होती. मुदत आहे तोवर कायदा अडवत नाही, पण सिल सडलेल्या गाडीत माणसं बसवू नका. आरटीओ किंवा वर्कशॉपला न्यायची तर टोचन करून किंवा फ्लॅटबेडवरून.

गाडी नावावर झाल्यावर विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस असतात, कलम १५७. तो केला नसेल तर थर्ड पार्टी चालू राहतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. तेही बघून घ्या.

नूतनीकरणाला उशीर झाला की कारला महिन्याला ५०० रुपये जादा शुल्क लागतं. ते आज भरू नका. फक्त तक्त्यात "पुढे लागल्यास" म्हणून नोंदवा.

---

कलम_आणि_कागद

बिल न देणं हे उलट तुमच्या बाजूचं आहे. मालाचं बिल किंवा पावती न देणं ही कलम २(४७) मध्येच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. जुन्या गाडीवर नोंदणीकृत डीलरला त्याच्या नफ्याच्या रकमेवर जीएसटी भरावा लागतो, जानेवारी २०२५ पासून १८ टक्के. बिल टाळण्यामागे बहुधा हे कारण असतं. नोटिशीत बिलाची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहा.

विकणारा कोण, हे पैसा आणि वागणूक यांवरून ठरतं, फॉर्म २९ वरच्या सहीवरून नाही. किंमत त्याच्या खात्यात गेली, जाहिरात त्याची, हमी त्याची, डिलिव्हरी नोट त्याच्या लेटरहेडवर, एजंट त्याचा. बँकेचं स्टेटमेंट काढून ती ओळ अधोरेखित करून जोडा. मूळ मालकाला भेटता आलं तर विचारा: गाडी कोणाला दिली, कितीला दिली, तेव्हा बुडाला कोटिंग होतं का. त्याला किंमत डीलरने दिली असेल आणि ती तुमच्या किमतीपेक्षा कमी असेल, तर डीलरने विकत घेऊन विकली हे स्पष्ट होतं. मूळ मालकाला तक्रारीत पक्षकार करायचं की साक्षीदार, हे त्याच्या उत्तरावर ठरवा. धंदा न करणाऱ्या माणसावर ग्राहक कायद्याखाली मागणी टिकत नाही, म्हणून साक्षीदार म्हणूनच त्याचा उपयोग जास्त.

लवादाची अट ग्राहक आयोगाचा रस्ता अडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये हे पक्कं केलं आहे. "न्यायक्षेत्र मुंबई" चाही फरक पडत नाही: ग्राहक कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

मागणी अशी लिहा: पूर्ण किंमत आणि तिच्यावर पैसे दिल्याच्या तारखेपासून व्याज (आयोग साधारण ६ ते ९ टक्के देतात), तक्त्यातला खर्च, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. पर्यायी मागणी म्हणून, परत करणं मान्य न झाल्यास दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतली घट. पर्यायी मागणी लिहिली नसेल आणि आयोगाला परताव्याची रक्कम जास्त वाटली, तर तुमच्या हाती काहीच न येण्याचा धोका असतो.

---

माणगावकडचा

याच विषयाला जोडून: गाडी डीलरकडून नाही, ॲपवर जाहिरात बघून थेट मालकाकडून घेतली असेल तर? किनाऱ्याजवळची गाडी आहे, बुडाला असाच गंज निघाला.

---

कलम_आणि_कागद

मग ग्राहक आयोग नाही. स्वतःची एक गाडी विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही, आणि कलम १६ मधली विक्रीयोग्य दर्जाची अटही धंदा करणाऱ्या विक्रेत्यापुरतीच आहे. उरतो करार कायदा: त्याने काही खोटं सांगितलं किंवा मुद्दाम झाकलं हे तुम्हाला दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागेल. नुसतं गप्प राहणं म्हणजे सहसा फसवणूक नव्हे. मालकाकडून थेट घेताना लिफ्टवर चढवून पाहणं आणि "पत्रा, अपघात, पूर, चेसिस नंबर याबद्दल मला माहीत असलेलं सगळं सांगितलं आहे" अशी एक ओळ त्याच्या हातून लिहून घेणं, हेच संरक्षण. एकच माणूस महिन्याला दोन-तीन गाड्या "स्वतःची" म्हणून विकत असेल, तर तो डीलरच; त्याच्या जुन्या जाहिराती शोधून जपून ठेवा.

---

पाना_चौदा

किनाऱ्याजवळच्या आणि पुरातल्या गाडीचा गंज वेगवेगळा ओळखता येतो. खाऱ्या हवेचा गंज बाहेरून, कडांवर, सायलेन्सरच्या पट्ट्यांवर, ब्रेकच्या पाइपवर. पुराच्या गाडीत तो आत असतो: सीटच्या रुळांवर, पेडलच्या वरच्या कंसावर, डॅशबोर्डखालच्या स्क्रूवर. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाकडे चिखलाची रेघ दिसते. कार्पेटखाली बारीक गाळ आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर भिजलेल्या गाड्या अजूनही फिरत आहेत.

---

गोदाकाठ

नोटीस पाठवली. डीलरचा फोन आला, पैसे देतो म्हणतो, पण आधी २९-३० वर सह्या करून गाडी आणून द्या म्हणतो.

---

नंबरप्लेट

आधी सह्या नकोत, कोऱ्या तर मुळीच नकोत. आरटीओच्या नोंदीत तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीने अपघात केला तर भरपाई तुमच्याकडेच मागतात. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं आहे, गाडी मध्ये कितीही हात बदलली असली तरी.

डीलरकडे २९बी असेल तर गाडी २९सी ने परत द्या, म्हणजे ताबा दिल्याचं पोर्टलवर नोंदतं. नसेल तर फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरलेले, घेणाऱ्याच्या जागी डीलरचं नाव, पत्ता आणि सही असलेले, आणि प्रत्येकाची झेरॉक्स तुमच्याकडे. चेसिस नंबरमुळे हे ट्रान्सफर अडकू शकतं, म्हणून तडजोडीच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या: ताबा कोणत्या तारखेला, किती वाजता, किती किलोमीटरवर दिला, आणि त्यानंतरची सगळी जबाबदारी डीलरची. गाडी टोचन करूनच न्यायची, रस्त्यावर चालवायची नाही, हेही त्यातच.

पैसे आरटीजीएसने खात्यात जमा झाल्यावर त्याच बैठकीत किल्ली आणि कागद द्या. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका. ताबा दिल्यावर त्याच दिवशी आरटीओला आणि विमा कंपनीला ईमेल करा, तडजोडीच्या कागदाची प्रत जोडून. बुडाचे फोटो आणि गॅरेजचा अहवाल यांची मूळ प्रत डीलरला देऊ नका. फॉर्म २५ च्या अर्जाची पावतीही तुमच्याकडेच राहू द्या.